नदीपलीकडचे कार्यक्रम

टीव्हीवर आज काय आहे, असे हल्ली कोणी विचारत नाही. तो चालूच असतो आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. ऐंशीच्या दशकात कलराशमध्ये आमचा रुमानियन टीव्ही संध्याकाळी जेमतेम दोन-अडीच तास चाले. त्यातला निम्मा वेळ एकाच जोडप्याचे, म्हणजे राष्ट्राध्यक्ष आणि त्यांच्या बाईंचे, विमानतळावरचे स्वागत, कारखान्याला भेट आणि टाळ्या. उरलेल्या वेळात ट्रॅक्टर. म्हणून आम्ही नदीपलीकडचा टीव्ही बघायचो. डॅन्यूबच्या त्या काठावर बल्गेरिया. तिथे शुक्रवारी रशियन चित्रपट असे, शनिवारी फुटबॉल, रविवारी सकाळी मुलांची कार्टून आणि दुपारी लोकगीते. त्यांचे रंगीत चित्र आमच्या संचावर काळे-पांढरे दिसे, पण दिसे.

ती भाषा मात्र आमच्या इमारतीत एकीलाच येत होती. ती म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची झ्लाता. जन्माने बल्गेरियन, बंदरावरच्या हमालाची विधवा, साठी ओलांडलेली, रुंद हाडाची बाई. सगळे तिला तांती म्हणत. आमच्याकडे मावशी-आत्याला म्हणतात तसे.

रविवारी दुपारी पलीकडची निवेदिका पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम वाचून दाखवी. झ्लाता पडद्यासमोर स्टुलावर बसून एकेक ओळ रुमानियनमध्ये सांगे आणि मी टेबलाशी लिहून घेई. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत नन्सनी पट्टी मारून माझे अक्षर वळवले होते, म्हणून ते काम माझ्याकडे. कार्बन घालून चार प्रती काढायच्या. टाइपरायटर कोणाकडे नव्हता. घरात ठेवायचा तर त्याच्या अक्षरांचा नमुना मिलिशियाकडे, म्हणजे पोलिसांकडे, द्यावा लागे, आणि एवढे करून नसते लफडे कोण अंगावर घेणार? त्या चार प्रती मजल्यामजल्यांवरून फिरत, शेजारच्या इमारतीत जात आणि गुरुवारपर्यंत रश्श्याचे डाग घेऊन परत येत.

भाषांतरात झ्लाता स्वतःची भर घाली.

"बुधवार, आठ वाजता. पोलिश चित्रपट. बायको पळून जाते. लिही पुढे, बघण्यात अर्थ नाही, शेवटी परत येते."

"तांती, हे निवेदिका म्हणाली?"

"तिला काय कळतंय? वीस वर्षांची पोर. लिही तू."

पाचव्या मजल्यावरच्या यांकूने गच्चीवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांची अँटेना उभी केली होती. बंदरावर क्रेन चालवणारा तो गडी, उंचीची भीती नाही. वारा सुटला की अँटेना फिरे आणि पडद्यावर मुंग्या येत. मग यांकू वर, त्याची बायको जिन्यात आणि आम्ही खोलीत.

"आलं का?"

"मुंग्या आहेत!"

"आता?"

"आता दोन-दोन माणसं दिसतायत!"

"एकेकाचे दोन झाले तर बिघडलं कुठे? आपल्याकडे दुकानात एकाच्याही जागी अर्धाच मिळतो!"

जिन्यातून त्याची बायको ओरडे, "हळू बोल मेल्या, खालचा ऐकतोय!" तळमजल्यावरचा शेजारी ऐकतो आणि वर कळवतो, असा सगळ्यांचा समज होता. तो बिचाराही कार्यक्रमांची प्रत मागून नेई.

झ्लाता हे सगळे आमच्यासाठी करते असे लोकांना वाटे. तसे नव्हते. तिला एकच गोष्ट हवी होती. तिला तिच्या बहिणीला एकदा बघायचे होते.

झ्लाता इथली नव्हे. ती वाढली वर उत्तरेला, दोब्रुजातल्या एका बल्गेरियन खेड्यात. १९४०च्या शरद ऋतूत दोन सरकारांनी कागदावर सह्या केल्या आणि बल्गेरियन तिकडे, रुमानियन इकडे, अशी गावेच्या गावे उठवली. झ्लाता तेव्हा अठरा वर्षांची. घाईघाईने तिने कोस्तिका नावाच्या रुमानियन मुलाशी लग्न लावले, कारण रुमानियन माणसाच्या बायकोला मागे राहता येत होते. आईवडील आणि सोळा वर्षांची नेदा गाडीत बसून गेली.

"नेदा मागच्या फळीवर बसली होती," झ्लाता सांगे. "तोंड माझ्याकडेच होतं. पण डोळे मिटून घेतले होते तिने. गाडी वळेपर्यंत उघडले नाहीत."

नेदाने त्यानंतर तिच्याशी संबंध ठेवला नाही. पत्रे न उघडता परत आली. झ्लाताने नेदाच्याच गावात राहणाऱ्या मामेबहीण पेंकाकडे नेदाचा फोटो मागितला, तर नेदाने पेंकाला बजावले की तिला माझे काही पाठवलेस तर तुझे तोंड बघणार नाही. आणि झ्लाताला जाताही येईना. कोस्तिकाचा भाऊ पन्नाशीच्या दशकात ऑस्ट्रियाला पळाला होता, त्यामुळे त्या घराला पासपोर्ट मिळत नसे. नदीकाठी उभे राहिले की समोर सिलिस्त्रा शहर दिसे, गॅलरीत वाळत घातलेल्या चादरी दिसत. नेदाचे गाव तिथून बैलगाडीच्या रस्त्याने अर्ध्या दिवसावर. कोस्तिका गेला तेव्हाही नेदाकडून शब्द आला नाही.

१९८३च्या हिवाळ्यात तरीवरच्या एका खलाशाबरोबर पेंकाचा निरोप आला. नेदा विधवा झाली होती आणि गावातल्या बायकांच्या गायनमंडळात गात होती. त्या मंडळाचे चित्रीकरण झाले होते. फेब्रुवारीत एका रविवारी ते दाखवणार होते.

त्यानंतर झ्लाता निवेदिकेचे शब्द ओठांकडे बघून ऐके, जसे बहिरे लोक ऐकतात. आणि एका रविवारी तिने मला सांगितले, "पुढचा रविवार. साडेचार. सिलिस्त्रा भागातली गायनमंडळं." मी लिहिले. तिने माझ्या हातून कागद घेतला, बघितला आणि परत दिला. तिला रुमानियन नीट वाचता येत नसे.

त्या रविवारी तिच्या खोलीत आम्ही अकरा जण जमलो. चौथ्या मजल्यावरची परिचारिका औरिका भोपळ्याचे सारण भरून भाजलेली प्लाचिंता घेऊन आली. यांकूने सकाळीच गच्चीवर जाऊन अँटेना तारेने आवळली. झ्लाताने केस धुतले होते आणि निळे ब्लाउज घातले होते, जणू पलीकडूनही दिसणार होते.

साडेचारला पडद्यावर वाद्यवृंद आला. काळ्या कोटातली माणसे, सावकाश, रडवे संगीत. पाच मिनिटे झाली, दहा झाली.

"हे बायकांचं मंडळ आहे?" यांकू म्हणाला. "मिशा आहेत यांना."

मग निवेदिका आली, काळ्या पोशाखात. झ्लाताने ऐकले आणि हात मांडीवर ठेवले.

"मॉस्कोत कोणीतरी गेला," ती म्हणाली. "मोठा माणूस. दुखवटा आहे. सगळे कार्यक्रम रद्द."

"पुन्हा?" यांकूची बायको म्हणाली. "गेल्या वेळचा जाऊन वर्षच झालंय की!"

"म्हातारे बसवतात आणि मग रडतात," यांकू म्हणाला. "माझ्या क्रेनवर बसवायला तरी चाळिशीच्या आतला लागतो."

काही जण हसले. प्लाचिंता खाल्ली. झ्लाताने खाल्ली नाही. वाद्यवृंद संपेपर्यंत ती समोर बसून राहिली, न जाणो मध्येच लावतील म्हणून.

मार्चमध्ये कार्यक्रम पुन्हा जाहीर झाला. पुन्हा आम्ही तेच अकरा जण. या वेळी वारा होता. यांकू गच्चीवरून खाली आलाच नाही. अँटेनेचा खांब दोन्ही हातांनी धरून वरच उभा राहिला, म्हणून खोलीत आम्ही दहाच. पहिले मंडळ दुसऱ्याच गावचे निघाले. दुसरे पुरुषांचे. मग झ्लाता म्हणाली, "हे. हे आमचं."

सोळा-सतरा बायका दोन रांगांत उभ्या. सगळ्यांचे सारखे पोशाख, डोक्याला सारखे रुमाल, कपाळापर्यंत बांधलेले. चेहरे भाकरीसारखे गोल आणि चित्रात बर्फ पडल्यासारखे ठिपके. त्या गायला लागल्या.

"कुठली, तांती?" औरिका म्हणाली. "दाखवा ना!"

झ्लाता उठून पडद्याजवळ गेली. इतकी जवळ की आम्हाला तिचीच पाठ दिसायला लागली.

"बाजूला व्हा की, आम्हालाही बघू द्या!"

ती बाजूला झाली. डोळे एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जात होते. कॅमेरा पुढच्या रांगेवर गेला, एका ठेंगण्या बाईवर थांबला, मग हळूहळू मागे सरकला. गच्चीवरून यांकूची हाक जिन्यातून आली, "दिसली का?"

"दिसली का, विचारतोय!" त्याची बायको ओरडली.

सगळे झ्लाताकडे बघत होते. गाणे संपत आले होते. झ्लाताने बोट उचलले आणि मागच्या रांगेतल्या टोकाच्या बाईवर टेकवले. उंच होती, हनुवटीवर तीळ.

"ही," ती म्हणाली. "ही माझी नेदा."

काय आरडाओरडा झाला! औरिकाने तिला मिठी मारली. यांकूची बायको वर धावत गेली. "दिसली! उंच आहे! अगदी तांतीसारखी!" सगळे म्हणाले, हो, तुमच्यासारखीच, तेच खांदे. तेवढ्यात कार्यक्रम बदलला आणि पडद्यावर दुधाचा कारखाना आला.

सगळे गेल्यावर मी कपबश्या विसळत होते. झ्लाता दाराशी उभी होती.

"मी ओळखली नाही गं," ती म्हणाली.

मला आधी कळले नाही.

"एकही ओळखली नाही. सगळ्या म्हाताऱ्या. मी सोळा वर्षांची शोधत होते. यांकू बिचारा वाऱ्यात खांब धरून उभा. मग काय सांगू, दिसली नाही म्हणून?"

"तीच असेल कदाचित," मी म्हणाले.

"कदाचित," ती म्हणाली.

त्यानंतरही ती दर रविवारी मला कार्यक्रम सांगत राहिली. ते मंडळ पुन्हा कधी दाखवले नाही. पण हळूहळू तिच्या बोलण्यातून तो 'कदाचित' गळून गेला. लोक विचारत, "बहीण कशी आहे हो तुमची?" आणि ती सांगे, "उंच आहे. हनुवटीवर तीळ आला आहे, आमच्या आजीला होता तसा." आजीचा तीळ खरा होता की नाही मला माहीत नाही. संध्याकाळी वीज जाई तेव्हा ती अंधारात बसून त्या बाईशी बोले. माझे घर शेजारीच, भिंतीपलीकडून मला ऐकू येई. बोलणे बल्गेरियनमध्ये, पण 'क्षमा कर' एवढे शब्द मला एव्हाना कळू लागले होते; एकदा ती तिची क्षमा मागत होती. दुसऱ्या दिवशी ती बरीच शांत दिसली.

मग १९८९चा डिसेंबर आला आणि त्या जोडप्याची सत्ता गेली. नव्वद साली टीव्ही दिवसभर चालू झाला, आमचा, आमच्या भाषेत. कार्यक्रमांच्या प्रती कोणाला नकोत. यांकूने अँटेना काढून नळ्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावल्या. झ्लाताने पासपोर्टचा अर्ज केला. पण पासपोर्ट यायच्या आधी पेंकाच नदी ओलांडून आली. कलराशच्या बाजारात मिरच्या आणि प्लास्टिकच्या चपला विकायला आली होती आणि पत्ता विचारत विचारत तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचली. झ्लाताने मला बोलावले. स्वयंपाकघरात पेंका कॉफी पीत होती. त्या दोघी बल्गेरियनमध्ये बोलत आणि झ्लाता मधूनमधून मला रुमानियनमध्ये सांगे, सवयीने.

नेदा १९८७च्या उन्हाळ्यात गेली होती. पोटात गाठ होती.

झ्लाता रडली नाही. ती म्हणाली, "मी तिला बघितलं होतं. टीव्हीवर. मागे, टोकाला, उंच."

पेंकाने कप खाली ठेवला आणि हसली. वाईट हसली नाही. गंमत वाटली म्हणून हसली.

"ती? अगं, ती शाळेतली स्वयंपाकीण! वार्नाकडची आहे, आमच्या गावची पण नव्हे. नेदा पुढे होती. ठेंगणी, मधोमध. तिच्यावर तर किती वेळ कॅमेरा होता, आम्ही चिडवत होतो तिला, आता तू सिनेमात जाशील म्हणून."

झ्लाताने हे बोलणे मला तेव्हा भाषांतर करून सांगितले नाही. पेंकाने हातांनी उंची दाखवली, त्यावरून मला अंदाज आला; तिचे शब्द झ्लाताने मला नंतर सांगितले.

पेंका संध्याकाळच्या तरीने गेली. झ्लाताने शाल घेतली.

"एलिझा, चल," ती म्हणाली. "तू होतीस. पुढे मध्ये एक ठेंगणी होती. तिचा चेहरा कसा होता?"

मी खूप आठवून बघितले. मला उंच बाई आठवली, तिचा तीळ आठवला, तिच्या रुमालाची गाठ आठवली. पुढची आठवेना.

आम्ही औरिकाकडे गेलो. तिला उंच बाई आठवत होती. यांकूची बायको म्हणाली, "तुमच्यासारखेच खांदे होते, तांती!" यांकू म्हणाला, "मी तर गच्चीवर होतो, मी काय बघणार?" आणि मग तो इतका ओशाळला की आत जाऊन बसला. पहिल्या मजल्यावर, तळमजल्यावर, सगळीकडे झ्लाता तेच विचारत गेली. तळमजल्यावरच्याला तर तिने खोलीत बोलावलेही नव्हते. त्याने स्वतःच्या घरी, स्वतःच्या संचावर बघितले होते. तो बराच वेळ विचार करत उभा राहिला. भला माणूस होता शेवटी.

"ठेंगणी ना?" तो म्हणाला. "हो. आठवते. हसत होती."

झ्लाताने त्याच्याकडे बघितले.

"पेंका म्हणते, ती गाताना डोळे मिटून घ्यायची," ती म्हणाली, आणि कठडा धरून जिना चढायला लागली.