बासरी तो वाजवतो, दोरा मी बांधते

आमच्या घरात बासरी एकच आहे आणि ती माझ्या धाकट्या भावाची आहे, असं सगळे धरून चालतात. हे कुणी ठरवलं, कुठल्या बैठकीत ठरलं, मला अजून कळलेलं नाही. बासरी मूळची आबांची, म्हणजे आमच्या वडिलांची. दौंडला आमच्या वॉर्डात जयंतीला विहारापुढं गाण्यांचा कार्यक्रम होतो. त्यात आबा तरुणपणापासून वाजवायचे. पुढं त्यांचे समोरचे दात गेले, फुंक फाटायला लागली, तेव्हा त्यांनी बासरी भावाच्या हातात दिली. माझ्या हातात तेलाची बाटली दिली.

खरंच दिली. "तुझा हात हलका हाय. हिला आतून तेल तूच लावत जा," म्हणाले. मी शाळेत होते, मला तो मान वाटला. आता मी कंत्राटी कामगारांच्या संघटनेत काम करते, पत्रकं लिहिते, कंपनीच्या गेटवर उभी राहून वाटते. मान देऊन काम कसं गळ्यात मारलं जातं, यावर मी एक अख्खं पत्रक लिहू शकते.

ते काम काय असतं तेही सांगते, कारण वाजवणाऱ्याकडं सगळे बघतात, याच्याकडं कुणी बघत नाही. बासरी म्हणजे शेवटी वाळलेला बांबू. आपल्याकडचा उन्हाळा त्याला पार कोरडा करतो आणि कोरडा बांबू तडकतो. म्हणून सळईला सुती फडकं गुंडाळून मोहरीचं तेल आतून फिरवायचं. भोकांच्या कडांना तेल साचू द्यायचं नाही, साचलं की आवाज घोगरा. मग सावलीत आडवी ठेवायची. दोन्ही टोकांना आणि मधे जिथं फाटायची भीती तिथं दोरा बांधायचा. मी गोधडी शिवायचा दोरा घेते, मेणबत्तीवरून ओढून त्याला मेण लावते. दोऱ्याचं एक टोक दुमडून बासरीवर लांब दाबून धरायचं, त्याच्यावरूनच वेढे घालत जायचे, वेढ्याला वेढा भिडलेला, आणि शेवटचं टोक त्या दुमडीत अडकवून वेढ्यांच्या खालून ओढून घ्यायचं. गाठ दिसली तर हात कच्चा.

दोरा झाला की तपासायला फुंकायचं. सा रे ग म, वर चढायचं, खाली उतरायचं. बस, एवढीच परवानगी. तोवर भाऊ दारात उभा असायचा. "झाली का गं ताई?" आणि हात पुढं. मग तो ओट्यावर आबांसमोर बसायचा, आबा एकेक ओळ तोंडानं म्हणून दाखवायचे, तो वाजवायचा, चुकायचा, आबा चिडायचे, परत सांगायचे. मी आत सळईचं फडकं धूत ऐकायचे. माझ्यावर आबा कधी असे चिडले नाहीत. तेल लावण्यात चिडण्यासारखं असतंच काय?

तर सरळच लिहिते. मला ती बासरी हवी होती. वाजवायला हवी होती आणि माझी म्हणून हवी होती.

भाऊ रांजणगावच्या एका कंपनीत लागला तशी बासरी त्याच्याबरोबर शिरूर तालुक्यात गेली. तिथं तो बाहेरच्या राज्यातल्या पोरांबरोबर खोली करून राहतो, सुट्टीला घरी येतो. शिफ्टवरून आला की वाजवतो. पोरं त्याला उस्ताद म्हणतात आणि व्हिडिओ काढतात. ते व्हिडिओ फिरत फिरत आमच्याच कामगारांकडं येतात. एकदा गेटसभेत मी गळा ताणून बोलत होते आणि समोरचे चारपाच जण मोबाईलमधे डोकं घालून. सभा संपल्यावर त्यातला एक मोबाईल घेऊन आला. "मॅडम, हा तुमचा भाऊ ना? काय वाजवतो राव!" माझ्या सभेत माझ्या भावाला गर्दी.

यंदा जयंतीच्या तोंडावर हा घरी आला तो तोंड पाडूनच. बासरी गाडीच्या टाकीवरच्या पिशवीत, गाडी कंपनीच्या पार्किंगमधे दिवसभर उन्हात. बांबू लांबीत तडकला. इथवर मी समजू शकते. पण पुढं त्यानं जे केलं ते रांजणगावच्या लाईनवरचा पोरगाच करू जाणे. पत्र्याला पत्रा चिकटवायचं जे केमिकल तिथं वापरतात, ते त्यानं डबीतून खोलीवर आणलं आणि फटीत भरलं.

"लोखंड धरतंय ते, ताई. टेस्टिंग झालेलं हाय."

"तू लोखंड वाजवतोस का?"

"आमच्या क्वालिटीच्या साहेबांनी सांगितलं, एकदम ओके होईल म्हणून."

"मग जयंतीला साहेबांनाच उभं कर. फुंकतील ओके."

आबांनी बासरी उजेडाकडं धरून एका टोकाला डोळा लावला. ते केमिकल फटीतून आत उतरलं होतं आणि तिथं त्याचा दगडासारखा गोळा झाला होता. फुंकलं की घशात घास अडकल्यासारखा आवाज. आबांनी बासरी माझ्या दिशेनं केली, पण बोलले भावाशी. "तिच्याकडं दी. ती करंल."

ती करंल. मला विचारलं? कंपनीसुद्धा ओव्हरटाइमला निदान विचारल्यासारखं करते.

"करते," मी म्हणाले. "पण मग जयंतीला एक गाणं मी वाजवणार."

आबा हसले. वाईट नाही, मायेनंच हसले, त्यानं जास्त लागलं. "अगं, तुला सूर येत्यात. गाणं कुठं येतंय?"

"तुम्ही शिकवलं कधी?"

"तू कवा मागितलंस?"

भाऊ मधेच म्हणाला, "मी शिकवतो की तुला, ताई. त्यात काय!" त्याचा हा मोकळेपणा मला सगळ्यात जास्त खुपतो. ज्याचं पोट भरलंय तो वाढायला मोकळा असतो.

मी दुरुस्तीला बसले, कारण बासरी मरू द्यायची नव्हती. सळईला बारीक पॉलिश पेपर गुंडाळला आणि आतला गोळा घासायला घेतला. कमी घासलं तर गोळा तसाच, जास्त घासलं तर बांबू आतून पातळ होऊन सूर कायमचा ढळणार. थोडं घासायचं, भुकटी झटकायची, उजेडाकडं धरायची, फुंकायचं. आई दोनदा जेवायला बोलवून गेली. गोळा निघाल्यावर फटीत बांबूचीच बारीक भुकटी आणि मेण बसवलं, वरून दोरा आवळला. फार आवळला तर बांबू दुसरीकडं फाटतो, तेही बघायचं. मग सा रे ग म. स्वच्छ. चांगलं काम झालं. वाईट काम मला करताच येत नाही, ही माझी अडचण आहे.

जयंतीला भाऊ वाजवायला उभा राहिला. मी पुढंच बसले होते. त्यानं वरचा सूर लावला आणि धरून ठेवला, तेव्हा मी त्याच्या तोंडाकडं नाही, दोऱ्याकडं बघत होते. दोरा हलला नाही. मग टाळ्या. इतकं चांगलं वाजवलं त्यानं, की मला त्याचा रागच आला. शेजारी वरवंडचे एक म्हातारे मामा बसले होते, ते डोळे पुसत म्हणाले, "पोरानं बापाची गादी चालवली बघ."

"मामा, बासरी मी दुरुस्त केलीय. फुटली होती."

"व्हय?" मामांनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं. "मग बाय, आमच्या नातवाची पण एक देती का करून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ परत निघाला. गाडी चालू करून त्यानं सवयीनं हात पुढं केला. मी बासरी दिली नाही.

"ती इथं राहील. मी राखते, माझ्याकडं राहील."

आबा ओट्यावरून म्हणाले, "पोरी, वाजवंल त्याची वस्तू. ठिवून काय पूजा करायची?"

"गेटवर मी हेच सांगते का लोकांना? राबणारा एक आणि मालक दुसरा?"

"आता मी मालक झालो व्हय?" भाऊ गाडीवरूनच हसला.

मी आत गेले. तेलाची बाटली, सळई, फडकं, दोरा, मेणबत्ती, सगळं एका पिशवीत भरून आणलं आणि बासरीसकट त्याच्या मांडीवर ठेवलं. "घे. आजपासून माझं काम बंद."

"घरात संप?"

"व्हय, संप. गाडी बंद कर आन् खाली बस. दोरा बांधायला शिकवते. पुन्हा फुटली तर माझ्याकडं आणायची न्हाई."

तो बसला. ज्या बोटांवर सगळी पोरं फिदा, ती बोटं दोऱ्यापुढं पार गोंधळली. वेढ्यावर वेढा चढला, मधे फट राहिली, टोक ओढताना सगळंच सुटलं. मला बरं वाटलं. मी त्याला पुन्हा पुन्हा सोडून बांधायला लावलं, गरज होती त्यापेक्षा जरा जास्तच.

बासरी तोच घेऊन गेला आणि खोलीवरून बांधलेल्या दोऱ्याचे फोटो पाठवायला लागला. पहिला दोरा वाकडा. "सोड आणि परत बांध," मी लिहायचे. दुसऱ्याला गाठ दिसत होती. तेही लिहिलं. ते फोटो यायचे तेव्हा माझा दिवस चांगला जायचा.

मग एक दिवस संघटनेच्या शिरूरच्या ऑफिसात पत्रक लिहीत बसले होते, तेव्हा फोटो आला. मी तो बोटांनी मोठा केला. कडेपासून कडेपर्यंत बघितला. वेढ्याला वेढा भिडलेला, टोक दिसत नाही, मेण सारखं लागलेलं. चूक शोधून सापडेना. खाली त्यानं लिहिलं होतं, "आता तरी शाबास म्हण की ताई." मी "ठीक आहे" लिहिलं आणि मोबाईल उलटा ठेवला. जे माझं होतं तेही त्याला यायला लागलं होतं, आणि शिकवलं मीच होतं. पत्रकाचं वाक्य अर्धं राहिलं होतं. ते काय लिहायचं होतं, आठवेना.

ऑफिसातून निघाले तेव्हा एसटी स्टँडबाहेर खांद्यावर बासऱ्यांचा भारा घेतलेला माणूस उभा होता. मी जवळजवळ भारा रिकामा करून एकेक फुंकली. एक सरळ, जड, कोरडी निवडली. घरी येऊन आईच्या डब्यातलं मोहरीचं तेल घेऊन ती आतून माखली. दोन्ही टोकांना दोरा बांधला. तेल मुरल्यावर ती घेऊन ओट्यावर आबांच्या समोर जाऊन बसले.

"ही कुणाची?" आबांनी विचारलं.

"माझी. आणि आता मागतेय. मला गाणं शिकवा."

"त्यो जाऊन बसला रांजणगावला, आन् आता तुझं सुरू," आबा पुटपुटले. बासरी हातात घेऊन त्यांनी दोरा बघितला, भोकं बघितली, आत बघितलं. त्यात त्यांना काही खोट सापडली नाही. मला माहीत होतं, सापडणार नाही. त्यांनी ती परत माझ्या हातात दिली आणि पहिली ओळ तोंडानं म्हटली.

मी फुंकलं. आबांचं कपाळ आक्रसलं.

"असं न्हाई! पत्रक वाचल्यागत फुंकू नको, मूर्खे! ऐक आधी."

मी ऐकायला लागले.