छपाई थांबवणारे मदनशेठ

जालन्यातले छापखानेवाले मदनशेठ प्रुफं नुसती वाचत नसत, करून बघत. आयुष्यभर त्यांनी लग्नपत्रिका छापल्या होत्या. केदारखेड्याच्या आमच्या शाळेतल्या चौथीच्या मुलांसाठी मी विज्ञानाच्या छोट्या पुस्तिका लिहिल्या. मुलांनी त्या घरी वाचून आपापले प्रयोग करायचे होते. छपाई शेठकडे दिली आणि तिसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला.

"मॅडम, मशीन थांबवली. तुमचा बटाटा बुडून राह्यला."

मी दुपारच्या एसटीने गेले. टेबलावर पाण्याचा ग्लास होता, तळाशी बटाटा. 'दोन चमचे मीठ घाला, बटाटा तरंगेल,' असं मी लिहिलं होतं. कुठंतरी वाचलेलं उतरवलं होतं, स्वतः केलं नव्हतं. शेठ एकेक चमचा घालून ढवळत गेले. पाचव्या चमच्याला बटाटा हळूच वर आला, आणि साठी ओलांडलेल्या त्या माणसाने चक्क टाळी वाजवली.

अर्ध्या प्रती छापून झाल्या होत्या आणि सोमवारी वाटायच्या होत्या. मी म्हटलं, "राहू द्या शेठ, वर्गात तोंडी सांगेन."

"बिलकुल न्हाई. पोरगी घरी एकटी करणार. बटाटा बुडाला तर पुस्तक चुकलं, असं ती म्हणणार न्हाई. म्हणणार, मलाच जमत न्हाई. मंग?"

मला लाज वाटली. त्यांनी ते पान पुन्हा छापलं. कागदाच्या गठ्ठ्यांमध्ये बसून मी उरलेले सगळे प्रयोग संध्याकाळपर्यंत केले. आणखी दोन चुका निघाल्या, त्याही सुधारून घेतल्या.

महिन्याभराने शेठ शाळेत आले आणि मुलांबरोबर सतरंजीवर बसले. चौथीतली राधा उठून म्हणाली, "आजोबा, पुस्तकात पाच चमचे हाय. माझा बटाटा चारातच वर आल्ता."

शेठनी खिशातलं पेन तिच्या हातात दिलं. "मंग तूच बराबर. खोड पाच, अन् लिही चार."

पुढच्या वर्षी त्या जागी आम्ही आकड्याऐवजी प्रश्न आणि रिकामी रेघ छापली: 'किती चमचे लागले? लिहा.'

गेल्या दिवाळीत छापखाना पुतण्याकडे सोपवून शेठ मुलाकडे पुण्याला गेले. जाताना म्हणाले, "नवी पुस्तिका झाली की पाठवा. तिथं मला दुसरं काम न्हाई."

मागच्या आठवड्यात मी पाठवली. आज सकाळी त्यांचा निरोप आला: 'पान सात बराबर. पान नऊसाठी फोन करा.'

फोन करण्याआधी मी पान नऊ उघडलं, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर सामान मांडायला घेतलं.