वसंतभाऊंची चौथी तार

आमच्या ऑर्केस्ट्राचे किस्से सांगायला बसलं की पंचाईत होते. साउंडवाल्याच्या पेटीतल्या वायरींसारखं आहे ते. एक ओढावी तर चार गुंतून बाहेर येतात. म्हणून आज एकाच माणसाचे सांगतो. खरं तर एकाच तारेचे.

आम्ही आदिलाबादचे नोकरदार लोक. मी विजेच्या ऑफिसात मीटर तपासतो आणि सुट्टीच्या दिवशी कीबोर्ड वाजवतो. श्रीनिवास सर शाळेत सायन्स शिकवतात आणि आमच्यात गातात. तेलुगू माणूस, पण मराठी गाणं असं म्हणतात की ऐकणारे त्यांना गाव आणि आडनाव विचारतात. साउंड इचोड्याच्या रफीकभाईंचं. आणि बेस गिटार वसंतभाऊंची.

वसंतभाऊ जमीन मोजणीच्या खात्यात आहेत. साखळी टाकून दुसऱ्याच्या बांधाचा निकाल लावतात, पण स्वतःच्या गिटारच्या चार तारांचा निकाल त्यांना बारा वर्षं लावता आला नाही. तीन तारा खणखणीत वाजायच्या. चौथी, सगळ्यात जाड, जी खरी घुमायला पाहिजे, ती मात्र गोधडी पांघरून बोलल्यासारखी बोलायची.

*

बेल्याला गणपतीत आमचा दुपारचा कार्यक्रम होता. समोर एक म्हातारबा बसले होते. सगळा वेळ त्यांची नजर वसंतभाऊंवर. वसंतभाऊ खूश, मान हलवून हलवून वाजवत होते.

कार्यक्रम संपल्यावर म्हातारबा स्टेजजवळ आले. "पावने, एक विचारू का? हे पेटीवाले वाजवत होते, हे सर गात होते, ते समजलं. तुमी काऊन उभे होते?"

"मीबी वाजवतच होतो, बाबाजी."

म्हातारबांना वाईट वाटलं. त्यांनी वसंतभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू द्या. पुढच्या वर्षी वाजवा."

*

इचोड्याला हायवेवर एका नव्या हॉटेलचं उद्घाटन होतं. रफीकभाईंनी त्या दिवशी इरेला पडून वसंतभाऊंचा आवाज वाढवायला घेतला. जाड तार ऐकू येईपर्यंत बटण फिरवायचं, असा त्यांचा निश्चय. फिरवत गेले, फिरवत गेले. जाड तार जरा कुठं ऐकू यायला लागली आणि तेवढ्यात वसंतभाऊंनी दुसऱ्या तारेला हात घातला.

पुढच्या टेबलावरच्या कपबशा चालायला लागल्या. एक ट्रकवाला जेवता जेवता उठून आपला ट्रक बघून आला.

रफीकभाईंनी बटण खाली घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "भाऊ, तीन तार लेके आया करो. चौथी को घर पे आराम करने दो."

*

मग श्रीनिवास सरांनी केस हातात घेतली. नववीच्या वर्गाला समजावतात तसं समजावलं. तारांच्या खाली चुंबकाची पट्टी असते, तार जितकी जवळ तितका आवाज मोठा, जाड तारेच्या बाजूचा स्क्रू फिरवून पट्टी वर घ्या, झालं.

पण वसंतभाऊ खात्याचे पडले. मोजणी केल्याशिवाय हलवाहलव कशी करणार? त्यांनी स्टीलची पट्टी आणली, चारी तारांचं अंतर मोजलं, कागदावर नक्शा काढला. नक्शात उत्तर दिशा दाखवली. खाली लिहिलं, "चौथ्या तारेत तफावत आढळून आली." आणि पंच म्हणून आम्हा तिघांच्या सह्या घेतल्या.

मग चुंबकाची पट्टी इतकी वर घेतली की वाजवताना तार तिच्यावर आपटायला लागली. टक, टक, टक.

"आला का नाही आवाज?" वसंतभाऊ म्हणाले.

"अण्णा, तार गप्पच आहे," सर म्हणाले. "आता चुंबक वाजून राह्यला."

पट्टी परत खाली गेली. तो पंचनामा अजून गिटारच्या पेटीत आहे.

*

तारा बदलून पाहिल्याच नाहीत असं समजू नका. हैदराबादहून जाड तार तीनदा मागवली. नवी कोरी तार, पण आमच्या गिटारवर चढली की तीही गोधडीत शिरायची.

जुन्या तारा सुनंदावहिनींनी, म्हणजे वसंतभाऊंच्या मंडळींनी, वाया जाऊ दिल्या नाहीत. एक त्यांनी परसात दोन खांबांना ताणून बांधली आणि तिच्यावर टॉवेल वाळत घातला. रफीकभाई एकदा हात धुवायला मागे गेले, टॉवेल घेताना तार छेडली गेली. दणकन वाजली.

रफीकभाई ओल्या हातानंच आत आले. "वसंतभाऊ, प्रोग्राम को ये खंबे लेके चलो."

वसंतभाऊ हसले नाहीत. वहिनी हसल्या. "म्यां तर पयल्यापासून म्हणून राह्यली, तुमची गिटार पोटातल्या पोटात बोलते. कधी ऐकू आली का आमाले?"

*

पाहायचं राहिलं होतं ते एक झाकण. तारा जिथं खाली अडकवतात तिथं त्या गिटारला पत्र्याचं चकचकीत, कमानीसारखं झाकण होतं. बाजूंनी उघडं, वरून चार स्क्रू. नवी तारही वसंतभाऊ सुईत दोरा ओवावा तशी त्याच्या खालून ओवून घ्यायचे, पण झाकण काढायचे नाहीत. कारण एका स्क्रूवर नागपूरच्या विकणाऱ्यानं कागदाची चिठ्ठी चिकटवली होती.

मी म्हणालो, "भाऊ, हे खोलून पाहू."

वसंतभाऊंचा चेहराच उतरला. "सील आहे ते."

"चिठ्ठी आहे, भाऊ."

"इतकी वर्षं नोकरी झाली, हुकमाशिवाय सील तोडलं नाही."

"कोणाचा हुकूम पायजे?"

"ज्यानं लावलं त्याचा."

ज्यानं लावलं तो दुकान बंद करून केव्हाच निघून गेला होता. वसंतभाऊंच्या लेखी मिसल, म्हणजे फाईल, तिथंच बंद झाली.

*

ती उघडली पल्लवीनं. पल्लवी त्यांची एकुलती एक लेक. लग्न ठरलं आणि बापाजवळ येऊन म्हणाली, "बाबा, माझ्या हळदीला तुमीच वाजवा. मी लहान असताना मला झोपवताना गुणगुणायचे ना, तेच. एकट्यानं. आणि मला ऐकू आलं पायजे."

आता गंमत बघा. ती चाल सगळीच्या सगळी जाड तारेवर बसते. दुसऱ्या तारेवर नेली तर ती चालच राहत नाही.

मला वाटलं, आपण माणसाला मदत करावी. मी म्हणालो, "भाऊ, तुमी नुसते बोटं हलवा. मी कीबोर्डवर तोच आवाज काढतो, कोणाला समजत नाही."

वसंतभाऊ माझ्याकडे बघतच राहिले. "तिला समजन," म्हणाले. मग दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला स्वतःची लाज वाटली, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. "पेचकस घेऊन या."

हळदीला तीन दिवस राहिले होते. आम्ही तिघं त्यांच्या बैठकीत जमलो. वसंतभाऊंनी कागदावर दरखास्त लिहिली, की लेकीच्या लग्नाची निकड लक्षात घेता सील उघडण्याची परवानगी मिळावी. खाली सही केली. मग तोच कागद फिरवून त्यावर "मंजूर" लिहिलं आणि परत सही केली. तेव्हा कुठं मी पेचकस लावून स्क्रू फिरवला.

झाकण निघालं. आत कापूस होता.

साधा कापूस नव्हे, पूजेचं वस्त्र. हळदीकुंकवाची बोटं लावलेलं, दाबून चपटं झालेलं. एकावर एक असे थर जाड तारेच्या खाली गच्च बसले होते. तार हलायला जागाच नव्हती.

तेवढ्यात सुनंदावहिनी चहा घेऊन आल्या. "अगा बाई, ते काऊन काढून राह्यले? दर दसऱ्याला ठेवत असते मी. माहेरच्या, बेल्याच्या वावरातला कापूस आहे. तुमच्या हाताला अडू नये म्हणून आत सारते. मोठ्या तारेला मान पयला, म्हणून तिच्याखाली."

बारा दसरे झाले होते. रफीकभाईंनी चहाचा कप तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही.

वहिनी आमच्या तोंडांकडे बघत होत्या. "काऊन जी? काई चुकलं का?"

"नाही नाही," वसंतभाऊ म्हणाले. "झाकण लावा."

मी हळूच म्हणालो, "भाऊ, हळद आहे. पल्लवी..."

"तुमच्या वहिनीनं ठेवलेलं मी कसं काढू? लावा म्हणलं ना."

लावलं. चारही स्क्रू आवळले. गडबडीत पेचकस तिथंच राहिला.

फाटकाबाहेर आल्यावर रफीकभाई म्हणाले, "बारा साल से मैं अपने स्पीकर को गाली दे रहा था."

*

हळदीच्या दिवशी सकाळी मांडव भरलेला. पल्लवी पाटावर, तोंड पिवळंधमक. सरांनी माइकवर सांगितलं, नवरीचे बाबा वाजवणार आहेत. मी कीबोर्डवर बोटं ठेवूनच बसलो होतो. माणूस रागावला तर रागावला, पण पोरीच्या हळदीत त्याची फजिती नको. रफीकभाईंनीही काळजीपोटी बटण पार वर नेऊन ठेवलं होतं.

वसंतभाऊंनी डोळे मिटले आणि जाड तारेला हात घातला.

मांडवाचं कापड थरथरलं. माझ्या छातीत येऊन बसला तो आवाज. रफीकभाई बटणाकडे धावले. वसंतभाऊंनी डोळे उघडून गिटारकडे पाहिलं, मग आमच्याकडे. मी दोन्ही हात वर करून दाखवले, की मी नाही. ते थांबले नाहीत. पूर्ण चाल वाजवली, शेवटपर्यंत. पल्लवीच्या गालावरच्या हळदीतून दोन ओघळ खाली आले, आणि बाप वाजवताना नाक ओढत होता ते पहिल्या रांगेला दिसत होतं.

सुनंदावहिनी हळदीचं ताट घेऊन लेकीजवळ उभ्या होत्या. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना जरा हळू वाजवा म्हणा. ताटातल्या सुपाऱ्या नाचून राह्यल्या."

मी ताटात पाहिलं. सुपाऱ्या खरंच नाचत होत्या. हळकुंडं होती, अक्षता होत्या, हळदीकुंकू लावलेला कापसाचा एक चपटा गठ्ठा होता, आणि त्याच्या बाजूला माझा पेचकस.