मामा म्हणायचं न्हाई

माझ्यासारखा सडाफटिंग माणूस नातेवाइकांना दोनदाच आठवतो. अर्ज टाइप करून हवा असला की, नाहीतर आपली अडचण कुठं नेऊन ठेवावी हे सुचत नसलं की. अंबडच्या कोर्टाबाहेर माझं टायपिंगचं टेबल आहे, त्यामुळं अर्जाची सवय होती. दुसरी वेळ तीन वर्षांपूर्वी आली.

माझी चुलत बहीण आणि तिचा नवरा मोटारसायकलच्या अपघातात गेले. मागं राहिली आठ वर्षांची मुलगी. तेराव्याची जेवणं उरकली आणि सगळे माझ्याकडं बघू लागले. कोणाचं घर लहान, कोणाच्या घरी आधीच तीन लेकरं. "जालन्याच्या वसतिगृहात आठ दिवसांत जागा होऊन राह्यली. तवर तुमच्याकडं राहू द्या. शेवटी मामा तुम्हीच की तिचे," मोठी मंडळी म्हणाली. मला चक्क मामा बनवलं.

बसमध्येच मी तिला बजावलं, "हे बघ, मला मामा-बिमा म्हणायचं न्हाई. आठ दिवसांचाच प्रश्न आहे." माझा राग तिच्यावर नव्हता, पण शेजारी तीच बसली होती. मामा म्हटलं की दिवाळीचे कपडे आले, लग्नात पाठीशी उभं राहणं आलं, जन्मभराचं लचांड आलं.

तिनं शब्द बराबर पाळला. पण हाक तर मारावीच लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, दूध उतू चाललं!"

शेजारच्या वहिनी दारातच होत्या. त्यांना हसू आवरेना. "भाऊजी, तुम्हाला अहो म्हणणारं कोणीतरी भेटलं बरं या जन्मात!"

मी चिडलो. "हे कुठून शिकलीस गं?"

"आई पप्पांना म्हणायची," ती म्हणाली. "पप्पा लगेच यायचे."

मी ओट्यावर सांडलेलं दूध पुसायला घेतलं.

पोर म्हणजे अगदी गरीब गाय. हट्ट नाही, रडणं नाही. दिवसभर कोर्टाबाहेर माझ्या टेबलाशेजारी बसून वाचायची. चहाच्या टपरीवर मी सांगायचो, काही म्हणजे काही त्रास नाही तिचा. तरी दिवस मोजायचे काही मी सोडले नाहीत.

आठव्या दिवशी आम्ही वसतिगृहात गेलो. अर्ज मी घरूनच नीट टाइप करून नेला होता, फक्त 'नाते' हा रकाना कोरा होता. लोकांचे असले रकाने भरण्यात माझं आयुष्य गेलं आणि स्वतःचाच राहिला. तिथल्या बाईंनी चष्म्यावरून बघत मुलीलाच विचारलं, "हे कोण गं तुझे?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "त्यान्ला मामा म्हणायचं न्हाई. आठ दिवसांचाच प्रश्न हाय."

माझंच वाक्य, माझ्याच सुरात. तक्रार म्हणून नाही, पाठ केलेला नियम सांगावा तसं ती सांगत होती. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी टेबलावरून अर्ज उचलला.

"राहू द्या, मॅडम. मी मामा आहे तिचा. घरी नेतो."

"विचार करा. जागा पुन्हा मिळायची न्हाई."

"नका देऊ."

बोलून तर गेलो, पण परतीच्या बसमध्ये मी दोघांच्या खर्चाचा हिशेब मांडत बसलो. पुढं कागदपत्रांसाठी किती चकरा झाल्या ते सांगत नाही. दुसऱ्यांना कायदा सांगणाऱ्याची चांगलीच जिरली.

त्या दिवशी संध्याकाळी मी कारल्याची भाजी केली. मला ती फार आवडते. त्या आठ दिवसांत चारदा केली होती, आणि दर वेळी तिनं ताट चाटूनपुसून लख्ख केलं होतं. आज तिनं एक घास घेतला आणि ताट माझ्याकडं सरकवलं.

"मामा, हे मला बिलकुल आवडत न्हाई. लई कडू हाय."

"मंग इतके दिवस कशी खाल्ली?"

"तुम्ही ठेवून घ्यावं म्हणून."

मी उठलो आणि बटाटे चिरायला घेतले.