यादीतला सहावा दिवा

"चाबी उसी के हाथ में थी. और कौन करेगा?"

सायकल स्टँडवर दोन फिटर बोलत होते. मला पाहून त्यांनी आवाज खाली घेतला. मी सायकलला कुलूप लावलं आणि खाली मान घालून निघाले. ते कोणाबद्दल बोलत होते, ते मला कळलं होतं. सगळ्या फॅक्टरीत त्या आठवड्यात एकाच माणसाबद्दल बोलणं चाललं होतं.

लढाई अजून सुरू व्हायची होती, पण फौजेसाठी ट्रक बनवणाऱ्या आमच्या जबलपूरच्या फॅक्टरीत ती आधीच पोचली होती. डबल शिफ्ट चालत होती. ब्लॅकआउट म्हणून खिडक्यांच्या काचांना ब्राऊन पेपर लावला होता. मी ड्रॉइंग ऑफिसमध्ये ट्रेसर होते. इंजिनिअरच्या मूळ ड्रॉइंगवर पारदर्शक कागद ठेवून शाईनं नक्कल काढणं, हे ट्रेसरचं काम. शाळा कॉन्व्हेंटची असल्यामुळे माझं इंग्रजी बरं होतं, म्हणून सेक्शनची पत्रं आणि सर्क्युलरं लिहायचं कामही माझ्याकडे आलं. लिहिताना बोलावं लागत नाही. मला ते सोयीचं होतं.

आमचे ट्रक फॅक्टरीच्या गेटातून निघून रस्त्यानं डेपोला जायचे. त्या महिन्यात परत आलेल्या रिपोर्टांत एकच तक्रार होती: मागचा अ‍ॅक्सल. कुठे हाफ शाफ्ट पिळलेला, कुठे तुटलेला. नवे कोरे ट्रक, डांबरी रस्ता, आणि दोन दिवसांत अ‍ॅक्सल गेलेला.

हाफ शाफ्ट म्हणजे मागच्या चाकाला फिरवणारा लोखंडी दांडा. डावीकडे एक, उजवीकडे एक. दोन्हींच्या मध्ये डिफरन्शियल नावाची गिअरची पेटी असते. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणं हे त्या पेटीचं काम. पण चिखलात हीच सोय नडते. एक चाक रुतून जागच्या जागी फिरत राहतं आणि दुसरं स्वस्थ बसतं. म्हणून फौजी गाडीला लॉक असतं. लिव्हर ओढला की दोन्ही चाकं जखडली जातात आणि बरोबर फिरतात. चिखलातून बाहेर आलं की लॉक काढायचं. विसरलं, तर पक्क्या रस्त्यावरच्या प्रत्येक वळणाला दोन चाकं एकमेकांशी भांडतात, आणि भांडणाचा मार शाफ्टला बसतो.

लॉक तपासायचं काम टेस्ट ड्रायव्हरचं. फॅक्टरीच्या मागे चिखलाचा ट्रॅक होता. तिथे प्रत्येक ट्रकचं लॉक लावून बघायचं, काढायचं आणि कार्डावर सही करायची. मोडलेल्या सगळ्या ट्रकांच्या कार्डांवर एकच सही होती, कडूकाकांची.

कडूकाका मूळचे अमरावतीकडचे. तीस वर्षं जबलपुरात होते. रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलं होतं. माझ्या बाबांची त्यांची ओळख गणपतीच्या वर्गणीपुरती. पण मला ते "ताई" म्हणायचे आणि मी त्यांना काका.

मोडलेले शाफ्ट मोजून त्यांचं ड्रॉइंग करायला मला यार्डात पाठवलं. शाफ्टच्या टोकाला सरळ उभ्या खाचा असतात. ओला टॉवेल पिळावा तशा त्या पिळल्या होत्या. मी कॅलिपर लावून आकडे लिहीत होते. कडूकाका बाजूला येऊन उभे राहिले.

"ताई, तुम्ही लिहून राहिल्या ते कोणाले दाखवणार?"

"वर्क्स मॅनेजरना."

"मंग एक लिहा. मी लिव्हर काढला होता. दर गाडीचा. ह्या हातानं."

मी पुढचा आकडा लिहायला घेतला.

"तुमाले वाटते बुढा खोटं बोलते. या, बसा गाडीत."

"मी? मला गाडी येत नाही, काका."

"चालवा कोण म्हणते? नुसतं बसा."

मी ट्रकच्या केबिनमध्ये आयुष्यात पहिल्यांदा चढले. साडी सांभाळत, पायरी चुकवत. त्यांनी पलीकडून चढून ट्रक ट्रॅकवर नेला, लॉक लावलं, चिखल ओलांडला, वळवून सिमेंटच्या पट्ट्यावर आणला आणि लिव्हर परत जागेवर ढकलला.

"निघालं लॉक?"

"लिव्हर तर जागेवर आला," मी म्हटलं.

"लिव्हर आला. लॉक नाही आलं. ऐका." त्यांनी ट्रक हळू वळवला. मागून टायर घासल्याचा आवाज आला आणि सगळी गाडी अंग चोरून वळली. "आत दात दातात अडकून रायते. ताण असला तर सुटत नाही. गाडी थोडी मागं घ्या, स्टिअरिंग डावं-उजवं करा, मंग सुटते. पण सुटलं का नाही, हे लिव्हर नाही सांगत."

"मग कोण सांगतं?"

त्यांनी डॅशबोर्डवर बोट ठेवलं. तिथे काळ्या रंगाचा एक गोल ठिपका होता.

"हा सांगत होता. लाल दिवा. लॉक आत असलं की जळे, सुटलं की विझे. ब्लॅकआउटचा रंग मारला, तवापासून मुका झाला. मी फोरमनले बोललो. तो म्हणते, वरून ऑर्डर आहे. लढाईची ऑर्डर. त्याच्यावर कोण बोलन? आता अंदाजानं सोडतो. रोजच्या चाळीस गाड्या. कुठं अंदाज चुकते."

मी डॅशबोर्डकडे बघत राहिले. मीटरचे चार ठिपके. हेडलाइटचा पाचवा. लॉकचा सहावा. छतावर सातवा. हा क्रम मला पाठ होता.

वरून आलेली ऑर्डर मी वाचली होती. एकच वाक्य होतं: केबिनमधला उजेड बाहेरून दिसू नये. कुठले दिवे, कसे झाकायचे, ते फॅक्टरीनं ठरवायचं होतं. आमचे सेक्शन हेड आपटे साहेब म्हणाले, "ड्रॉइंगवरून यादी करा आणि सर्क्युलर काढा." मी अर्ध्या तासात यादी केली. ड्रॉइंगवर सगळे दिवे सारखेच दिसतात, एक गोल आणि त्यात फुली. मी सात गोल मोजले, सातांची नावं लिहिली, आणि एकही सुटला नाही म्हणून मला समाधान वाटलं. साहेबांनी न वाचता सही केली. ते माझं काम कधीच वाचत नसत. त्याचाही मला अभिमान होता.

यार्डातून परत आल्यावर त्याच दिवशी मी आपटे साहेबांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. सहाव्या दिव्याचं सांगायला शब्द जुळवावे लागले. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला.

"तुम्ही कोणाला बोललात का?"

"नाही."

"बोलू नका. सर्क्युलरवर तुमचं नाव नाही, माझी सही आहे. तुम्ही टेम्पररी आहात, हे विसरू नका. योग्य वेळी मी बघतो."

"पण कडूकाका..."

"कडूंना चौकशीत बोलता येईल. जा आता."

दुसऱ्या दिवशी कडूकाकांना सस्पेंड केलं. सिक्युरिटीचे लोक त्यांच्या क्वार्टरवर जाऊन ट्रंका उघडून बघून आले. निष्काळजीपणा हा शब्द आता कोणी वापरत नव्हतं. मुद्दाम केलं, असं लोक म्हणत होते. अशा दिवसांत त्याचा अर्थ नोकरी जाणं एवढाच नव्हता. त्यांच्या बायकोला नळावर कोणी बोलेना, असं आईनं घरी सांगितलं. मी जेवत होते. जेवत राहिले.

मी गाडीत बसले त्यापासून आठव्या दिवशी चौकशी झाली. तोवर लढाई खरोखर सुरू झाली होती. चौकशीची नोंद, म्हणजे मिनिट्स, इंग्रजीत लिहायचे म्हणून मला बोलावलं. वर्क्स मॅनेजर मध्ये, एका बाजूला सिक्युरिटी ऑफिसर, दुसऱ्या बाजूला आपटे साहेब. कडूकाका उभे होते. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते.

"लिव्हर निकाला था?" वर्क्स मॅनेजरनी विचारलं.

"निकाला था, साब. बत्ती काली है. पता नहीं चलता."

"बत्ती का ऑर्डर ऊपर से है. वह सब ड्रायव्हरों के लिए है."

"टेस्ट तो मैं अकेला करता हूँ, साब."

"तीस साल का तजुर्बा है, और बिना बत्ती के लॉक समझ में नहीं आता? या समझना नहीं था?"

मी आपटे साहेबांकडे बघितलं. ते पेन्सिलीला टोक करत होते. योग्य वेळ यायची असेल तर ती हीच होती. त्यांनी टोक केलं, फुंकर मारली आणि पेन्सिल खाली ठेवली.

वर्क्स मॅनेजर माझ्याकडे वळले. "लिखिए. दिवा वरिष्ठ आदेशाने झाकलेला असल्यामुळे त्यात फॅक्टरीची चूक नाही. दोष ड्रायव्हरचा." शब्द इंग्रजी होते, अर्थ हा. मी "दिवा" इथपर्यंत लिहिलं.

पुढे काय झालं ते इथेच सांगते, कारण ते थोडक्यात आहे. ऑर्डरची मूळ प्रत मागवली गेली. तिच्यात सहाव्या दिव्याचं नाव नव्हतं. कुठल्याच दिव्याचं नव्हतं. यार्डातल्या ट्रकांचे ते ठिपके ब्लेडनं खरवडले आणि दिव्यावर पत्र्याची छोटी टोपी बसवली, म्हणजे उजेड फक्त ड्रायव्हरला दिसेल. पुढे गेलेल्या गाड्यांसाठी तार केली. सगळ्यांपर्यंत ती वेळेवर पोचली का, आणि न पोचलेल्या कुठे आणि कशा अवस्थेत थांबल्या, हे मला कधी कळलं नाही. मी त्याचा विचार करते. कडूकाका कामावर परत आले. आपटे साहेबांची बदली झाली. माझ्या फाइलमध्ये लेखी वॉर्निंग आहे आणि ती योग्य आहे. आता आमच्या ऑफिसातून गाडीबद्दलचा कुठलाही कागद निघण्याआधी तो लिहिणारा गाडीत जाऊन बसतो. नियम साधा आहे.

कडूकाका मला यार्डात भेटले तेव्हा आभार मानतील असं मला वाटलं होतं, हे कबूल करते. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "आठ दिवस काहून लागले, ताई?"

पण त्या खोलीत यातलं काहीच झालेलं नव्हतं. "दिवा" या शब्दापुढे पेन थांबलं होतं. डोक्यात इंग्रजी वाक्यं तयार होती, सभ्य आणि बिनचूक, ज्यांतून कोणाचंच नाव निघत नाही अशी. शाळेत मला तीच शिकवली होती. कडूकाकांना ती कळली नसती.

"लिखा?" वर्क्स मॅनेजरनी विचारलं.

मी उठून उभी राहिले. खुर्ची मागे घसरून मोठा आवाज झाला. खोलीतल्या सगळ्यांना समजेल अशा भाषेत मी म्हटलं:

"सर, बत्तियों की लिस्ट ऊपर से नहीं आई. मैंने बनाई है. और बनाने से पहले मैं कभी किसी गाड़ी में बैठी नहीं थी."