काचेने तासलेलं धनुष्य

शाळेच्या मैदानाशेजारी एक म्हातारे बांबूच्या शिड्या बनवत बसायचे. भंडाऱ्याहून सोलापूरला आल्यापासून कारखान्यात जाताना मी त्यांना रोज बघायचो, पण बोललो एकदाच.

माझ्या मुलीला तिरंदाजीचं बांबूचं धनुष्य हनुवटीपर्यंत ओढवत नव्हतं. सोमवारपर्यंत जमलं नाही तर संघातून नाव कमी करू, असं सर म्हणाले. माझं नाव पाचवीतच शाळेतून कमी झालेलं, त्यामुळे त्या शब्दानेच मला धडकी भरली. ओढायला सोपं जावं म्हणून मी दोरी सैल केली. मैदानावर पोरीने बाण सोडताच ती तिच्या मनगटावर बसली आणि वळ उठला.

"दोरी ढिली कुणी केली ओ?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"मीच जी."

"जड बांबू हाय की! दोरीवर कशाला राग काढता?"

एक डोळा मिटून त्यांनी धनुष्य न्याहाळलं. मग काचेच्या तुकड्याने ते आतल्या बाजूने तासू लागले. वर चार वेळा, खाली चार वेळा. शेवटी दोरी पहिल्यासारखी ताणून बांधली.

पोरीने ओढलं. दोरी हनुवटीपासून बोटभर लांब राहिली.

"अजून थोडं तासा जी," मी हात जोडले.

त्यांनी काच फडक्यात गुंडाळली. "लई मऊ केलं तर बाण पोचायचा न्हाय. आता उरलंय ते तिचं तिला करू द्या."

त्यांनी अडवलं नसतं तर भीतीपोटी मी त्या धनुष्याची पार काडी करून टाकली असती.

पोरीने पुन्हा पुन्हा ओढून बघितलं. चौथ्या वेळी दोरी हनुवटीला टेकली.

"बाबा, समोरून सरका ना," ती म्हणाली, "बाण लावायचाय."