सरांचा आकडा आणि आळ्याचे मेंदू

आमच्या लॅबमध्ये किस्से साठतात, त्याला कारण मशीन. मेंदूच्या स्कॅनसाठी माणूस एकदा आत सरकवला की पाऊण तास काचेबाहेर बसायचं. चहा येतो, आणि चहाबरोबर सरांचा विषय. मी बेल्ह्याचा, मशीन चालवतो. सर शेजारच्या आळे गावचे. गाववाल्याबद्दल बोलू नये हे कळतं, पण ऱ्हावत नाय राव!

सरांचं काम, मेंदूचा कुठला भाग कुठल्या भागाशी जोडलाय ते शोधणं. जीव मात्र साइटेशनच्या आकड्यात. म्हणजे जगात किती जणांनी आपल्या पेपरात सरांच्या पेपरचा दाखला दिला, तो आकडा. संचालकाची खुर्ची रिकामी होणार होती आणि निवड समिती म्हणे हाच आकडा बघणार होती. ओझरच्या गणपतीच्या रांगेत सरांनी हात जोडायच्या आधी मोबाइल काढला. आकडा वाढलेला दिसला. मग गाभाऱ्यात त्यांनी नमस्कार अगदी थोडक्यात उरकला.

*

लॅबचा नियम असा, की पेपर कशावरही असो, दाखला सरांचा. एका पीएचडीवालीने गुडघ्याच्या स्कॅनवर लिहिलं. सरांनी विचारलं, यात मी कुठाय? ती म्हणाली, सर, हा गुडघा आहे.

"तो चालतो कुणाच्या सांगण्यावरून?"

घातला बिचारीने दाखला.

*

मग सरांना धडधाकट गावाकडचे मेंदू हवे झाले. आळ्याहून जीप भरून माणसं आली, निम्मी सरांच्या भावकीतली. मशीनमध्ये लोखंड चालत नाही, म्हणून मी घड्याळं, मोबाइल, करदोडे, चुन्याच्या डब्या, सगळं काढून ठेवलं. बबनतात्या सगळ्यांत वडीलधारे. त्यांना मी समजावलं, की आत नुसतं पडायचं, हलायचं नाही, कसलाही विचार करायचा नाही.

"ते आमी ग्रामसभेत शिकलोय," तात्या म्हणाले.

*

निकाल लागला आणि सर नाचायचेच बाकी राहिले. गावाकडच्या मेंदूत दोन लांबचे भाग एकमेकांना असे घट्ट जोडलेले, की शहरातल्या मेंदूत तसं कुठेच नाही! पेपर छापून आला. मला मात्र एक गोष्ट खात होती. स्कॅन संपल्यावर तात्या पहिल्यांदा धावले ते बेसिनकडे, आणि तंबाखू थुंकले. मग जो जो बाहेर आला, तोही. डब्या मी काढून घेतल्या होत्या, पण गालातल्या तंबाखूत कुठं लोखंड असतं? जो तो पाऊण तास आत चघळत होता. जबडा हलला की डोकं हलतं, आणि डोकं हललं की नसलेली जोडणीही दिसते.

मी सरांना सांगितलं. सरांनी माझं कॉन्ट्रॅक्ट कधी संपतंय ते विचारलं. मी पुढचा माणूस मशीनमध्ये सरकवला. लाज वाटली, पण सरकवला.

*

पुढे जगभरातून लोक लिहायला लागले, की हा पेपर चुकलाय, यात डोकी हललीत. मला वाटलं, आता सर संपले. सर पेढे घेऊन आले. चूक दाखवायची तरी पेपरचा दाखला द्यावाच लागतो ना! शिव्यांसाठी वेगळा रकाना नसतो. आकडा असा पळत सुटला, की आमच्या बेल्ह्याच्या बैलबाजारातला खोंडही तसा पळत नाही.

*

आळ्याने सरांचा सत्कार ठेवला. सरांनी मुद्दाम निवड समितीच्या मॅडमना प्रमुख पाहुण्या म्हणून आणलं. शाल-नारळ झाला. सरांनी तात्यांना माइक देऊन मशीनमधला अनुभव सांगायला लावलं.

"लई निवांत व्हतं. गार हवा. चिमूट दाढंला धरली आन् पडलो चघळत," असं म्हणून तात्यांनी जबडा हलवून दाखवला. गावाने टाळ्या वाजवल्या. मॅडमनी वाजवल्या नाहीत. सरांच्या खांद्यावरची शाल घसरली, ती त्यांनी उचललीही नाही.

परतीच्या गाडीत मी पुढे, ड्रायव्हरशेजारी. मागे सर आणि मॅडम. आळेफाटा मागे पडला. मग मॅडम सावकाश म्हणाल्या, "उमेदवारांमध्ये आकडा तुमचाच मोठा आहे. तुमची चूक सगळ्यांत आधी मीच पेपर लिहून दाखवली होती. म्हणजे त्या आकड्यात एक दाखला माझाही आहे."

सर एकदम सावरून बसले. मॅडमकडे वळून, दोन्ही हात जोडून, अगदी मनापासून म्हणाले, "थँक यू, मॅडम!"